जुन्या वाहनातील कार्ब्युरेटर आणि ‘रिच’ मिश्रणाचे निदान : कडगंची परिसराच्या संदर्भात एक विवेचन

प्रस्तावना

कलबुर्गी–आळंद मार्गावरील कडगंची हे गाव आज कर्नाटक केंद्रीय विद्यापीठामुळे ओळखले जाते. २००९ मध्ये स्थापन झालेल्या या विद्यापीठाचा परिसर याच गावात आहे. कडगंचीहून आळंद, तेथून वागदरीमार्गे अक्कलकोट किंवा पलीकडे उमरगा, असा हा सारा सीमाभाग कानडी, मराठी, उर्दू व दखनी बोलणाऱ्या लोकांचा आहे. येथे रस्त्यावर के.ए. ३२ व के.ए. ३८ या क्रमांकांच्या गाड्यांबरोबर सोलापूरच्या एम.एच. १३ व धाराशिवच्या एम.एच. २५ क्रमांकांच्या गाड्याही दिसतात. सीमेच्या दोन्ही बाजूंस शेतकरी, शिक्षक, लहान व्यापारी व विद्यार्थी यांना जुने वाहन विकत घेणे परवडते आणि तेच त्यांचे रोजचे साधन ठरते.

भारतात १ एप्रिल २०२० पासून बी.एस. ६ मानके लागू झाली आणि बहुतेक नव्या दुचाकींमध्ये कार्ब्युरेटरची जागा इंधन इंजेक्शनने घेतली. मोटारींमध्ये हा बदल त्याआधी सुमारे दोन दशके झाला होता. १९८३ मध्ये बाजारात आलेल्या मारुती ८०० ला अनेक वर्षे कार्ब्युरेटर होता. २००० च्या सुमारास तिच्यात इंजेक्शन पद्धती आली आणि २०१४ मध्ये तिचे उत्पादन थांबले. मुंबईच्या कुर्ला येथील कारखान्यात तयार होणारी प्रीमियर पद्मिनी तर अखेरपर्यंत कार्ब्युरेटरवर चालली. या गाडीची मुंबईतील शेवटची टॅक्सी ऑक्टोबर २००३ मध्ये नोंदली गेली होती. वीस वर्षांची मुदत संपल्याने ऑक्टोबर २०२३ मध्ये ती रस्त्यावरून हटली. तात्पर्य, कार्ब्युरेटर कारखान्यातून बहुतांशी गेला आहे. परंतु २०२० पूर्वीच्या बहुतेक शंभर सी.सी. मोटारसायकलींत आणि जुन्या मोटारींत तो अजून काम करीत आहे. तो समजणारे मिस्त्री मात्र कमी होत चालले आहेत.

अशा वाहनांची एक नेहमीची तक्रार म्हणजे ‘गाडी पेट्रोल जास्त खाते, प्लग काळा पडतो, धूर काळा निघतो’. गॅरेजच्या भाषेत याला ‘गाडी रिच चालते’ असे म्हणतात. अनेकदा यावर पहिला उपाय म्हणून संपूर्ण कार्ब्युरेटर बदलला जातो आणि पैसे खर्चूनही दोष तसाच राहतो. याचे कारण असे की लक्षणालाच रोग समजले जाते. प्रस्तुत लेखाचा उद्देश रिच मिश्रणाची कारणे व त्यांच्या तपासणीचा क्रम स्पष्ट करणे हा आहे.

१. रिच मिश्रण म्हणजे काय?

पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी वजनाने १ भाग पेट्रोलला सुमारे १४.७ भाग हवा लागते. एक लिटर पेट्रोलचे वजन साधारण ७४० ग्रॅम धरल्यास त्यासाठी सुमारे ११ किलो हवा हवी. कलबुर्गीच्या उंचीवर व उन्हाळी तापमानात ही हवा जवळपास १० हजार लिटर भरते. एका लिटर पेट्रोलमागे इंजिन एवढी हवा ओढते, हे लक्षात घेतले म्हणजे हवेच्या मार्गातील लहानशा अडथळ्याचे महत्त्व कळते.

हवेचे प्रमाण १४.७ पेक्षा कमी झाले की मिश्रण रिच होते आणि वाढले की लीन होते. प्रत्येक रिच मिश्रण हा दोषच असतो असे नाही. इंजिन थंड असताना सुरू करण्यासाठी आणि चढावर पूर्ण जोर काढण्यासाठी, म्हणजे १२.५ ते १३ च्या आसपास, रिच मिश्रणच लागते. दोष तेव्हा मानावा जेव्हा तापलेले इंजिन सपाट रस्त्यावर साध्या वेगाने चालत असतानाही मिश्रण रिच राहते.

२. कार्ब्युरेटर पेट्रोल कसे मोजतो?

कार्ब्युरेटरमध्ये एक लहान टाकी असते, तिला फ्लोट चेंबर म्हणतात. तिच्यातील फ्लोट वर आला की नीडल व्हॉल्व्ह पेट्रोलचा प्रवाह बंद करतो. पातळी खाली गेली की उघडतो. आपल्या घरावरील पाण्याच्या टाकीतील गोळ्याच्या तोटीचे तत्त्वही हेच आहे. हवेच्या मुख्य नळीचा मधला भाग अरुंद केलेला असतो. तेथे हवेचा वेग वाढतो, दाब कमी होतो आणि त्या फरकामुळे फ्लोट चेंबरमधील पेट्रोल जेटमधून ओढले जाते.

या मूळ रचनेवर निरनिराळ्या कामांसाठी वेगवेगळे मार्ग बसवलेले असतात : कमी रेसवर चालण्यासाठी स्लो जेट व त्याचा स्क्रू, नेहमीच्या वेगासाठी मेन जेट, थंड इंजिनासाठी चोक, अचानक पिकअपसाठी मोटारीत लहान पंप, आणि काही कार्ब्युरेटरांत पूर्ण जोरासाठी पॉवर व्हॉल्व्ह. जेटमध्ये पेट्रोलबरोबर थोडी हवा मिसळणारी सूक्ष्म छिद्रेही असतात. त्यांना एअर ब्लीड म्हणतात. हे छिद्र बुजले तर पेट्रोल कमी न होता वाढते, ही गोष्ट नवशिक्या कारागिराच्या सहसा ध्यानात येत नाही.

३. लक्षणे आणि त्यांची पारख

रिच मिश्रणाची प्रमुख लक्षणे पुढीलप्रमाणे : सायलेन्सरमधून काळा धूर, पेट्रोलचा उग्र वास व डोळे चुरचुरणे, प्लगवर कोरडी मऊ काजळी, स्लोवर इंजिन अडखळणे, थंडीत गाडी बरी व तापल्यावर वाईट चालणे, आणि मायलेज घसरणे. धुराचा रंग पारखून घ्यावा. निळसर धूर ऑइल जळत असल्याचा असतो. पांढरी वाफ बहुधा पाण्याची असते. प्लग काळा परंतु तेलकट ओला असेल तर दोष रिंग किंवा व्हॉल्व्हच्या बाजूस शोधावा.

मायलेजविषयी केवळ अंदाजावर विसंबू नये. टाकी पूर्ण भरून किलोमीटर टिपावेत व पुन्हा पूर्ण भरताना लागलेले पेट्रोल मोजावे. टाकी, नळी किंवा कॉकमधून गळती असेल तर इंजिनाला दोष देण्यात अर्थ नाही. तसेच ब्रेक घासत असणे, क्लच सरकणे आणि टायरमध्ये हवा कमी असणे यांनीही मायलेज पडते. पण त्यांनी प्लग काळा होत नाही. या एका फरकावरून तपासाची दिशा ठरते.

४. हवामान व इथेनॉल यांचा वाटा

‘आपल्याकडे ऊन फार, म्हणून गाडी पेट्रोल जास्त खाते,’ असे या भागात ऐकू येते. हे किती खरे आहे, ते गणिताने पाहता येते. कलबुर्गी समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटर उंचीवर आहे आणि मे महिन्यात तापमान ४२ अंशांच्या पुढे जाते. उंची व उष्णता या दोन्हींमुळे हवा विरळ होते. समुद्रकाठच्या १५ अंश तापमानाच्या हवेशी तुलना करता येथील हवेची घनता सुमारे १३ टक्के कमी भरते. परंतु कार्ब्युरेटरमध्ये मिश्रणाचे प्रमाण घनतेच्या वर्गमुळानुसार बदलते. म्हणून मिश्रण सुमारे ७ टक्केच रिच होते.

दुसऱ्या बाजूस इथेनॉलचा विचार करावा. २०२३ पासून देशात २० टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल टप्प्याटप्प्याने मिळू लागले. इथेनॉलमध्ये ऑक्सिजन असल्याने त्याला वजनाच्या केवळ ९ पट हवा पुरते आणि २० टक्के मिश्रणाला सुमारे १३.५ पट. जुन्या कार्ब्युरेटरचे जेट शुद्ध पेट्रोलसाठी ठरवलेले असतात. त्यामुळे अशा इंधनावर मिश्रण सुमारे ८ टक्के लीन होते. म्हणजे मे महिन्याची उष्णता जेवढे रिच करते, जवळपास तेवढेच इथेनॉल लीन करते. यावरून स्पष्ट होते की उन्हाळ्यातही प्लग काजळीने काळा होत असेल तर हवामान पुढे करून चालणार नाही. यंत्रात दोष आहेच.

इथेनॉलचा एक परिणाम मात्र उलट दिशेने होऊ शकतो. जुन्या गाडीतील रबर त्याने फुगते किंवा कडक होते आणि टाकीत साठलेला गाळ सुटतो. हा गाळ नीडल व्हॉल्व्हच्या बैठकीत अडकला की पेट्रोल बंद होत नाही व फ्लोट चेंबर भरून वाहू लागते. इंधन रासायनिक दृष्ट्या लीन असूनही गाडी रिच चालण्याचे हे एक कारण आहे.

५. तपासणीचा क्रम

निदानाचा सर्वमान्य नियम असा की सोप्या, बिनखर्ची व उघड गोष्टींपासून सुरुवात करावी. एका वेळी एकच बदल करावा. आणि प्रत्येक बदलाची वहीत नोंद ठेवावी. दोन गोष्टी एकदम बदलल्या तर गाडी सुधारली तरी कशाने सुधारली हे कळत नाही. पेट्रोलचे काम उघड्यावर करावे, बिडी-सिगारेट व दिवा दूर ठेवावा आणि जवळ वाळूची बादली असावी.

(अ) दोष केव्हा दिसतो? फक्त स्लोवर दोष असेल तर स्लो जेट, त्याचा स्क्रू व एअर ब्लीड पाहावेत. फक्त जास्त वेगात असेल तर मेन जेट, त्याचा एअर ब्लीड व पॉवर व्हॉल्व्ह. सर्व वेळी असेल तर चोक, फ्लोटची पातळी, नीडल व्हॉल्व्ह व एअर फिल्टर. तापलेली गाडी दहा-पंधरा मिनिटे थांबवून पुन्हा सुरू करतानाच त्रास होत असेल तर इंजिनाच्या उष्णतेने चेंबरमधील पेट्रोल उकळून नळीत उतरत असते. उन्हाळ्यात बाजाराच्या दिवशी हा अनुभव अनेकांना येतो. त्यासाठी जेट बदलण्याची गरज नसते.

(आ) प्लग काय सांगतो? गाडी काही किलोमीटर जोरात चालवून, स्लोवर न ठेवता एकदम बंद करावी आणि प्लग काढावेत. स्लोवर उभ्या राहिलेल्या गाडीचा प्लग फसवतो. फिकट तपकिरी रंग योग्य समजावा. मोटारीत सर्व सिलिंडरांना एकच कार्ब्युरेटर पेट्रोल पुरवतो. म्हणून पद्मिनीच्या चारांपैकी किंवा मारुतीच्या तिनांपैकी एकच प्लग काळा असेल तर कार्ब्युरेटर बहुधा निर्दोष आहे. त्या सिलिंडरचा प्लग, वायर, व्हॉल्व्ह व कॉम्प्रेशन तपासावे. सर्व प्लग सारखेच काळे असतील तरच पुढे जावे.

(इ) ठिणगी चांगली आहे काय? कमकुवत ठिणगीने पेट्रोल न जळता बाहेर पडते व तोच उग्र वास येतो. जुन्या मोटारीत पॉइंट, कंडेन्सर, प्लगचा गॅप आणि टायमिंग वाहनाच्या पुस्तिकेप्रमाणे आहेत काय, हे कार्ब्युरेटर उघडण्यापूर्वी पाहावे. येथे पी.यू.सी. केंद्र स्वस्त तपासनीसाचे काम करते. त्याच्या यंत्रावर कार्बन मोनॉक्साइड व हायड्रोकार्बन असे दोन आकडे मिळतात. पहिला आकडा जास्त असेल तर मिश्रण रिच आहे. पहिला बेताचा आणि दुसरा फार मोठा असेल तर मिसिंग आहे. दोष ठिणगीत किंवा व्हॉल्व्हमध्ये शोधावा. ऑक्टोबर २००४ पासून लागू झालेल्या नियमांनी भारत स्टेज २ पूर्वीच्या पेट्रोल मोटारींसाठी स्लोवर कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के व हायड्रोकार्बनची १५०० पी.पी.एम. ठरवली, मार्च २००० पूर्वीच्या दुचाकींसाठी ती अनुक्रमे ४.५ टक्के व ९००० पी.पी.एम. होती. केवळ ‘पास’ हा शिक्का न घेता हे आकडे विचारून वहीत लिहून घ्यावेत.

(ई) हवा मोकळी येते काय? या परिसराची काळी माती कोरड्या दिवसांत बारीक उडते आणि तूर काढणी व मळणीच्या हंगामात भुसा व धूळ रस्त्यावर येते. पुस्तिकेतील फिल्टर बदलण्याचे अंतर साध्या रस्त्यासाठी असते. येथे ते निम्मे धरणे इष्ट. चाचणीसाठी फिल्टर काढून गाडी क्षणभर चालवून पाहावी, पण फिल्टरविना प्रवास करू नये. तीच धूळ मग सिलिंडर घासते. सर्व कार्ब्युरेटर तुंबलेल्या फिल्टरने सारखेच बिघडत नाहीत, हेही ध्यानात घ्यावे. फ्लोट चेंबरचे श्वासछिद्र बाहेरच्या हवेत उघडत असेल तर मिश्रण लगेच रिच होते. ते फिल्टरच्या आतील बाजूस उघडत असेल तर दाब दोन्हीकडे सारखाच घटतो आणि मुख्यतः जोर कमी होतो.

(उ) चोक पूर्ण उघडतो काय? केबल गंजून अडकणे हा जुन्या गाडीचा नेहमीचा दोष आहे. डॅशबोर्डवरील नॉब आत गेला म्हणजे चोक उघडला असे समजू नये. फिल्टर काढून, इंजिन बंद असताना, झडप उभी झाली की नाही ते डोळ्यांनी पाहावे. काही सोलेक्स कार्ब्युरेटरांत झडप नसून स्टार्टरची चकती असते. तिची लिव्हर परत मूळ जागी येते काय ते पाहावे, कारण ती किंचित उघडी राहिली तर पेट्रोलचा एक जादा मार्ग सतत चालू राहतो.

(ऊ) स्क्रूची चाचणी. इंजिन तापवून मिश्रणाचा स्क्रू हळूच पूर्ण बंद होईपर्यंत किती फेरे होतात ते मोजून लिहावे. जोराने आवळल्यास टोक खराब होते. इंजिनाच्या बाजूचा स्क्रू सामान्यतः पेट्रोलमिश्रण नियंत्रित करतो. तो आवळला की मिश्रण लीन होते. फिल्टरच्या बाजूचा स्क्रू हवा नियंत्रित करतो. तो आवळला की उलट रिच होते. पेट्रोलमिश्रणाचा स्क्रू पूर्ण बंद केल्यावर इंजिन मंदावून बंद पडले पाहिजे. ते तसेच चालू राहिले तर पेट्रोल दुसऱ्या मार्गाने येत आहे. मग हा स्क्रू कितीही फिरवला तरी उपयोग होणार नाही.

(ए) फ्लोट व नीडल. मोटारीत स्लोवर मेन जेटच्या नळीतून पेट्रोल ठिबकू नये. ठिबकत असेल तर फ्लोट चेंबरची पातळी वर गेली आहे किंवा पॉवर व्हॉल्व्ह गळतो आहे. हे पाहताना चेहरा नळीच्या थेट वर आणू नये. इंजिनाने उलटा भडका मारल्यास इजा होते. फ्लोट कानाजवळ हलवून आत पेट्रोल शिरले आहे काय ते पाहावे. पितळी फ्लोट गरम पाण्यात बुडवला की गळक्या जागेतून बुडबुडे येतात. नीडलच्या टोकावर चकाकणारी खाच दिसली तर नीडल व बैठक दोन्ही एकत्र बदलावीत. नवा नीडलही गळत असेल तर पंपाचा दाब जास्त आहे काय ते पाहावे.

(ऐ) जेट. सर्वांत शेवटी जेटकडे वळावे. जेट साफ करताना त्यात तार घालण्याची सवय फार महाग पडते. १.२० मिलिमीटरचे छिद्र घासून १.२६ झाले तर व्यास फक्त ५ टक्के वाढतो, पण क्षेत्रफळ व त्याबरोबर पेट्रोल १० टक्क्यांनी वाढते. एवढा फरक डोळ्यांना दिसत नाही. कार्ब्युरेटर क्लीनर व हवेचा दाब यांनीच जेट साफ करावेत आणि त्यावर कोरलेला आकडा पुस्तिकेतील आकड्याशी जुळवावा. दुसऱ्या गाडीचा जेट बसवलेला आढळणे ही दुर्मिळ गोष्ट नाही.

६. दुर्लक्षाची किंमत

समजा, कडगंचीच्या एखाद्या शिक्षकाची मारुती लिटरला १५ किलोमीटरऐवजी ११ देऊ लागली. रोज ५० किलोमीटर प्रवासास ३.३ लिटरऐवजी ४.५ लिटर पेट्रोल लागेल. महिन्याच्या २५ दिवसांत सुमारे ३० लिटर वाया जाईल. लिटरला १०० रुपये धरले तरी ही रक्कम ३००० रुपये होते. अडकलेल्या चोकची केबल किंवा नीडल व्हॉल्व्ह याहून कितीतरी स्वस्त असतो.

पैशाखेरीज आणखी दोन नुकसाने आहेत. न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरील तेलाचा थर धुऊन टाकते आणि खाली ऑइलमध्ये मिसळते. डिपस्टिकला पेट्रोलचा वास येत असेल किंवा ऑइलची पातळी आपोआप वाढलेली दिसली तर गाडी चालवू नये. आधी दोष दूर करून मग ऑइल बदलावे. दुसरे नुकसान जिवाचे आहे. मिश्रण १२ च्या आसपास आले की धुरातील कार्बन मोनॉक्साइड ५ ते ६ टक्क्यांपर्यंत जातो. हा वायू रंगहीन व गंधहीन असून बंद खोलीत काही मिनिटांत प्राणघातक ठरतो. शटर लावून, पावसात किंवा थंडीत आत इंजिन चालू ठेवून काम करणाऱ्या तरुण कारागिरांना ही गोष्ट पहिल्याच दिवशी सांगितली गेली पाहिजे. डोकेदुखी व मळमळ ही धोक्याची सूचना समजून ताबडतोब बाहेर यावे.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की रिच मिश्रण हे एकच लक्षण असले तरी त्याची कारणे हवा, पेट्रोल व ठिणगी अशा तिन्ही बाजूंना असू शकतात. स्वच्छ फिल्टर, पूर्ण उघडणारा चोक, चांगली ठिणगी आणि बरोबर पातळीचा फ्लोट या चार गोष्टींची खात्री केल्याशिवाय जेट किंवा संपूर्ण कार्ब्युरेटर बदलण्याचा निर्णय घेऊ नये. आय.टी.आय. व अल्पमुदतीच्या व्यवसाय अभ्यासक्रमांत आता इंजेक्शन पद्धतीवर भर असणे स्वाभाविक आहे. तथापि ज्या भागात जुनी वाहनेच बहुसंख्यांचा आधार आहेत, तेथे कार्ब्युरेटरचे निदान हा विषय प्रात्यक्षिकांत कायम ठेवणे उपयुक्त ठरेल. विद्यार्थ्याने प्रत्येक गाडीसाठी तक्रार, प्लगचा रंग, पी.यू.सी.चे दोन आकडे, केलेला एक बदल व त्याचा परिणाम अशा पाच रकान्यांची वही ठेवावी. अशी शंभर पाने भरली म्हणजे त्या गावच्या गाड्यांचे दोष कोणते व ते कोणत्या हंगामात येतात, हे त्याला कोणत्याही पुस्तकापेक्षा अधिक नेमके सांगता येईल.